पोरांनीच चालवलेली चर्चा: ५४ जणांच्या वर्गात ती जमवायची कशी

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहिलंय ते कळेल. आठवीचा वर्ग, इतिहासाचा तास, टाचणात मी ठसठशीत अक्षरात लिहिलेलं ‘पद्धत: चर्चा’. वर्गात गेले आणि म्हटलं चला, आज आपण चर्चा करू या, मिठाच्या सत्याग्रहाबद्दल कोणाला काय वाटतं? पाच हात वर. तेच पाच, जे कुठल्याही प्रश्नाला वर असतात, प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच. एकेकाने उभं राहून पुस्तकातलं वाक्य म्हटलं, मी ‘छान, बस’ म्हटलं, पुढचा उठला. वीस मिनिटांनी मी पण खूश आणि टाचण पण खूश. त्या दिवशी मागच्या बाकावर बीएडची एक छात्राध्यापिका निरीक्षणाला बसली होती, तिने वहीत वर्गाचा नकाशा काढून कोण कोणाकडे बघून बोललं त्याच्या रेघा मारल्या होत्या. तास संपल्यावर बघितलं तर सगळ्या रेघा माझ्यापाशी येऊन थांबलेल्या, छत्रीच्या काड्या दांड्याला येऊन मिळतात तशा. एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे गेलेली एक पण रेघ नव्हती.

आपण याला चर्चा म्हणतो, पोरांच्या लेखी ती तोंडी परीक्षाच. पुढचं सगळं म्हणजे त्या रेघा माझ्यापासून तोडून पोरापोरांत जोडायच्या कशा एवढंच आहे, बाकी काही थिअरी नाही. तीन वर्षं करतेय, अजून दर तिसऱ्या वेळी फसते.

प्रश्नावरच सगळं अडतं

‘पाण्याचे महत्त्व यावर चर्चा करा’, ‘मोबाइल शाप की वरदान’ असले विषय दिले की पोरं निबंध म्हणतात. त्यांचा दोष नाही, विषयच निबंधाचा आहे. मी आता प्रश्न ठरवताना तीन गोष्टी बघते. गाइडमध्ये याचं उत्तर छापलेलं आहे का, असेल तर बाद. मला स्वतःला याचं एकच बरोबर उत्तर माहीत आहे का, असेल तर पण बाद, कारण पोरं माझ्या चेहऱ्यावरून ते उत्तर ओळखतात, आपल्या भुवया फार बोलतात हो. आणि तिसरं, यावर घरी जेवताना भांडण होऊ शकेल का? होऊ शकत असेल तर प्रश्न चांगला.

माझा सगळ्यात चाललेला प्रश्न सांगते. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ११ मागण्या ठेवल्या होत्या. पूर्ण दारूबंदी, शेतसारा निम्मा करा, मिठावरचा कर रद्द करा, लष्कराचा खर्च निम्मा करा, बड्या अधिकाऱ्यांचे पगार निम्मे करा, परदेशी कापडावर जकात बसवा, राजकीय कैदी सोडा, रुपयाचा विनिमय दर बदला, अशी ती यादी. आपल्याला पुस्तकात थेट मीठच दिसतं, १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं, त्यामुळे पोरांना वाटतं मीठ हे ठरलेलंच होतं. मग प्रश्न असा: या अकरापैकी एकच मागणी घेऊन कायदा मोडायचा असता तर तुम्ही कोणती घेतली असती, आणि मीठ का नाही? ‘मिठाच्या सत्याग्रहाची कारणे लिहा’ हा प्रश्न त्याच धड्यावरचा, पण तो मेलेला आहे आणि हा जिवंत आहे.

आमच्या भागात केळीचे मळे आहेत, म्हणून भूगोलाला असाच एक प्रश्न घेते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं लावायची नाहीत असं गावात ठरवलं, आपल्या गावात असा ठराव आला तर हात वर करायचा का? अर्ध्या पोरांच्या घरी केळी, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरचे केळीच्या बागेत मजुरीला. तिथे कोणाला उचकवावं लागत नाही, आवरावं लागतं.

कागद आणि तिकीट

नुसता प्रश्न दिला तर गप्पा होतात, चर्चेला समोर काहीतरी धरायला लागतं. मी अर्ध्या पानावर त्या ११ मागण्या सोप्या मराठीत लिहिते, प्रत्येक ओळीला नंबर टाकते आणि दोघांत एक अशी झेरॉक्स काढते. झेरॉक्सचे पैसे मिळत नसतील तर सरळ फळ्यावर लिहून आदल्या दिवशी वहीत उतरवून घ्या, काही बिघडत नाही. ओळीचे नंबर मात्र टाकाच, कारण मग ‘कागदात कुठेय ते’ असं कोणी विचारलं की ‘पाचवी ओळ बघ’ असं म्हणता येतं, आणि ही सवय एकदा लागली ना की निम्मी हवेतली वाक्यं आपोआप कमी होतात.

कागद आदल्या दिवशीच द्यायचा. घरून प्रत्येकाने दोन ओळी लिहून आणायच्या, माझं मत काय आणि का. याला आमच्या वर्गात तिकीट म्हणतात. तिकीट नसेल तर हाकलत नाही, फक्त त्याने पहिल्यांदा ऐकायचं, दोन जण बोलून झाले की मग त्याने बोलायचं. शिक्षा म्हणून नाही, तर त्याच्याकडे काही नसतं आणि मग तो शेजाऱ्याला चिमटे काढतो म्हणून.

बसवायचं कुठे

अमेरिकेत न्यू हॅम्पशरला फिलिप्स एक्झिटर नावाची एक शाळा आहे, तिला एडवर्ड हार्कनेस या गृहस्थांनी १९३० मध्ये भरपूर पैसे दिले आणि तिथे लंबगोल टेबलाभोवती डझनभर पोरं आणि एक शिक्षक असं बसून शिकायची पद्धत सुरू झाली. म्हणजे इकडे दांडी चालू होती त्याच वर्षी, हे मला उगाच गंमतीचं वाटतं. तर तिथे बारा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ म्हणतो, आणि माझ्या वर्गात ५४ आहेत, लांब बाक आहेत आणि टेबल एकच आहे, ज्याचा एक पाय विटेवर आहे. म्हणून तो लंबगोल विसरा, त्यातली एकच गोष्ट घ्या, की बोलणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. समोरच्याच्या डोक्याच्या मागच्या भागाशी कोणी चर्चा करत नाही.

आमची सोय अशी. व्हरांड्यात किंवा प्रार्थनेच्या हॉलमध्ये दोन सतरंज्या, मध्ये बारा जण गोल बसतात, त्याला पोरांनीच नाव दिलंय विहीर. बाकीचे भोवती, तो काठ. विहिरीत एक तेरावी जागा रिकामी ठेवायची. काठावरच्या कोणाला अगदीच राहवलं नाही तर त्याने येऊन तिथे बसायचं, आपलं म्हणणं सांगायचं आणि उठून परत काठावर जायचं. ही रिकामी जागा म्हणजे सगळ्या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट आहे. कधीच हात वर न करणारी एक मुलगी तिथे येऊन बसली होती, मला वाटतं तिला उभं राहून बोलायचा प्रॉब्लेम होता, बसून बोलायचा नव्हताच.

काठावरच्यांना काम द्या नाहीतर ते मासे मारतील. प्रत्येकाला विहिरीतला एक जण वाटून द्यायचा, एकावर तीन-चार नजरा आल्या तरी चालतं. त्याने किती वेळा तोंड उघडलं, दुसऱ्याचं नाव घेऊन बोलला का, कागदातली ओळ सांगितली का, एवढ्या तीनच खुणा. चौथी खूण मागू नका, मी मागितली होती, सगळा वेळ खोडरबर शोधण्यात गेला. बारा मिनिटांनी विहीर बदलायची. एका तासात दोन विहिरी होतात, म्हणजे चोवीस जण, उरलेल्यांचा नंबर पुढच्या वेळी पहिला, आणि ही यादी वर्गात लावून ठेवा नाहीतर ‘बाई माझा नंबर कधी’ हे ऐकून डोकं उठतं.

३५ मिनिटांच्या तासात हे बसवताना दमछाक होते, खरं सांगते. बसायलाच पाच मिनिटं जातात. शक्य असेल तर कला किंवा पीटीवाल्या सरांशी गोड बोलून जोडतास मिळवा, त्याच्या बदल्यात परीक्षेच्या वेळी त्यांचं एक सुपरव्हिजन घ्या, हे व्यवहार स्टाफरूममध्ये होतातच.

सूत्रधार कोण

मॉनिटर नको आणि पहिला नंबरवाला पण नको. मॉनिटरला सूत्रधार केलं तर तो पट्टी घेऊन उभा राहतो आणि ‘शांत बसा’ म्हणतो, म्हणजे वर्गात एकाऐवजी दोन बाई झाल्या. पहिल्या नंबरवाल्याला केलं तर तो दुसऱ्यांची उत्तरं दुरुस्त करतो. मला सगळ्यात चांगले सूत्रधार मिळालेत ते खो-खोच्या टीममधले, त्यांना कोणाला उठवायचं आणि कधी उठवायचं याचा अंदाज असतो, आणि एकदा एक मुलगा मिळाला ज्याच्या घरी किराणा दुकान आहे, त्याला चार गिऱ्हाइकांशी एकदम बोलायची सवय, त्याने असली चर्चा चालवली की मी बघतच राहिले.

सूत्रधाराला आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वीस मिनिटं घेऊन बसा. त्याला एक कार्ड द्या, त्यावर फक्त पाच वाक्यं:

‘तुला असं का वाटतं?’
‘कागदात कुठली ओळ?’
‘हिच्या म्हणण्याला जोडून कोणाला बोलायचंय?’
‘याच्या उलट कोणाला वाटतं का?’
‘जे अजून बोलले नाहीत त्यांच्यापैकी कोणी?’

झालं. यापेक्षा जास्त दिलं तर तो वाचत बसतो. आणि एक अट, पहिली दहा मिनिटं सूत्रधाराने आपलं मत सांगायचं नाही. ही अट पाळायला त्यांना फार जड जातं, एकीने तर तोंडावर हात धरून चर्चा चालवली होती. सोबत एक वेळ बघणारा, एक रेघा मारणारी. रेघांचा नकाशा म्हणजे तोच छात्राध्यापिकेवाला, आता तो पोरंच काढतात. गोलात बारा नावं, बोललं की याच्याकडून तिच्याकडे रेघ. शेवटी तो नकाशा सगळ्यांना दाखवायचा आणि मी एक शब्द बोलायचा नाही. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मुलींच्या बाजूला चार-पाच रेघा होत्या आणि मुलांच्या बाजूला कोळ्याचं जाळं. कोणीतरी म्हणालं, ‘अरे आपणच बोललो सगळं.’ हे मी सांगितलं असतं तर लेक्चर झालं असतं.

आपलं तोंड

हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातली टेपं ऐकून बघितलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी पोरं पण बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, एकदा वर्गात थांबून बघा, युग वाटतं. मी उपाय म्हणून पाण्याची बाटली ठेवते, शांतता पडली की झाकण उघडायचं, एक घोट, झाकण लावायचं. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही.

दुसरं म्हणजे मी काठाच्या मागे, खाली, सतरंजीवरच बसते आणि वहीत बघते. उभी राहिले की सगळे माझ्याकडे बघून बोलतात, नजरेला नजर मिळाली की पोरगं ‘बरोबर ना बाई?’ विचारतंच. विचारलं तर मी हाताने विहिरीकडे दाखवते, त्यांना विचार. सुरुवातीला पोरांना याचा राग येतो. ‘बाई, सांगा ना बरोबर कोणाचंय’ म्हणून मागे लागतात. एका पालकांनी येऊन विचारलं पण होतं की बाई शिकवत नाहीत का हल्ली. त्यांना पुढच्या चर्चेला काठावर बसायला बोलावलं, आले, पूर्ण वेळ बसले आणि शेवटी तेराव्या जागेवर जाऊन शेतसाऱ्याबद्दल बोलले, हे वर्गात अजून सगळे सांगतात.

मध्ये पडायचं ते तीनच वेळा. कोणाला लागेल असं बोललं गेलं तर, तेव्हा लगेच आणि स्पष्ट. चुकीची माहिती खरी धरून सगळे तिच्यावरच इमला बांधायला लागले तर, तेव्हा पण मी बोलत नाही, सूत्रधाराला चिठ्ठी पाठवते, ‘ओळ ४ परत वाचायला सांग.’ आणि गाडी खरंच रुतली, म्हणजे दोन वेळा बाटली पिऊन झाली, तर एक प्रश्न टाकते आणि परत वहीत बघते. बाकी बारीकसारीक चुका वहीत टिपून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत सांगायच्या. मिठावरचा कर नेमका कसा होता यात पोरं घोळ घालतात, घालू देत, दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी मरत नाही.

बडबडे आणि गप्प

चिंचोके आणा. प्रत्येकाला तीन, बोललं की एक मध्ये टाकायचा. संपले की मत सांगायचं नाही, फक्त दुसऱ्याला प्रश्न विचारायचा. बडबड्या पोरांना यामुळे पहिल्यांदाच कळतं की आपण पाच मिनिटांत सगळी पुंजी उडवली, मग ती तिसरा चिंचोका मुठीत धरून नीट ऐकत बसतात, कधी खर्च करू याचा विचार करत. एक सूचना, चिंचोके मोजून परत घ्या नाहीतर पुढच्या तासाला वर्गात नेमबाजी चालते.

गप्प पोरांसाठी सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे आधी जोडीत बोलू देणं. एक मिनिट मनात, दोन मिनिटं शेजारणीशी, मग सगळ्यांत. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, पण आपल्याकडची कुठलीही आजी सांगेल की चारचौघांत बोलायच्या आधी एकाच्या कानात बोलून बघावं. आणि दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे घरात अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी, मग निम्मी पोरं आधी मनात भाषांतर करतात, ते होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते, मग ती गप्पच बसतात आणि आपण म्हणतो सहभाग नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की घरी बोलता तसं बोला. तोपर्यंत मला वाटायचं अमका मुलगा ढिला आहे. अहिराणीत तो सगळ्यांना गुंडाळून ठेवतो.

हो, आणि वक्तृत्व स्पर्धेची सवय मोडावी लागते. पहिल्या चर्चेला एक जण ताडकन उठला, ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ पासून सुरू आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद’. टाळ्या पण पडल्या. म्हणून आमचे नियम दोनच, उठायचं नाही, आणि बोलताना आधीच्या कोणाचं तरी नाव घ्यायचं. ‘ती म्हणाली ते पटतं पण...’ हे ‘पण’ आलं की समजायचं चर्चा सुरू झाली. शेवटी मतदान घेऊ नका. एकदा घेतलं, तर पुढच्या वेळेपासून पोरं पटवायचं सोडून पार्टी जमवायला लागली, गावातली निवडणूक त्यांनी बघितलेली असतेच.

प्रत्यक्षात कसं झालं

त्या ११ मागण्यांची चर्चा थोडी सांगते, म्हणजे काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. सुरुवात शेतसाऱ्याने झाली, आमची शेतकऱ्यांची पोरं, त्यामुळे सगळ्यांचं मत शेतसारा. मग एक जण म्हणाला शेतसारा नाही भरला तर सरकार जमीन जप्त करेल, मीठ उचललं तर फार तर जेल, जेलमधून माणूस परत येतो पण जमीन येत नाही. मी वहीत बघत होते पण हात थांबला माझा. मग एकीने विचारलं की ज्याला जमीनच नाही त्याला शेतसाऱ्याचं काय? पाच सेकंद कोणी काही बोललं नाही. मीठ सगळे खातात, असं मग दोघं-तिघं एकदम म्हणाले.

मग रिकाम्या जागेवर ती मुलगी येऊन बसली, जिचं मघाशी सांगितलं. म्हणाली दारूबंदी घ्यायला पाहिजे होती, मिठावर किती जातो पैसा, दारूवर पूर्ण आठवड्याची मजुरी जाते. मुलं हसायला लागली, कारण अमक्याचे वडील वगैरे त्यांना माहीत असतात. इथे मी बोलले, एकच वाक्य, की तिचा मुद्दा कागदातला आहे, पहिलीच मागणी आहे, तिला उत्तर द्या. हसणं थांबलं. सूत्रधाराने कार्डावरचं वाक्य विचारलं, याच्या उलट कोणाला वाटतं का. एक जण म्हणाला दारूबंदीसाठी कायदा कुठला मोडणार, दारू न पिणं हा गुन्हा थोडीच आहे. तिने विचार केला आणि म्हणाली, मग दुकानापुढे बसायचं. हे खरंच घडलं होतं, १९३० मध्ये दारूच्या दुकानांपुढे बायकांनी निदर्शनं केली होती, पण ते तिला माहीत नव्हतं, तिने ते स्वतः काढलं. मी दुसऱ्या दिवशी ते पुस्तकातलं वाक्य दाखवलं तेव्हा तिने ते दोनदा वाचलं.

असं घरचं काही निघालं तर एक काळजी घ्या, ‘तुमच्याकडे कसं असतं गं, सांग सगळ्यांना’ असं कधी म्हणू नका. जातीचा, दारूचा, गरिबीचा विषय निघाला की आपली नजर आपोआप एका पोराकडे वळते, आणि ते पोर त्या क्षणी सगळ्यांचा प्रतिनिधी होऊन बसतं, त्याला नको असताना. त्या दिवशी मी तासानंतर त्या मुलीशी वेगळं बोलले, वर्गात नाही. आणि पहिल्या चार-पाच चर्चांना असे विषय मुद्दाम घेऊच नका, वर्गाला एकमेकांचं ऐकायची सवय झाल्यावर घ्या.

हेडसरांना काय सांगायचं

दोन आक्षेप येतात, आवाज आणि पोर्शन. आवाजासाठी आधीच सांगून ठेवायचं, शेजारच्या वर्गाला पण, आणि त्यांची घटक चाचणी असेल त्या दिवशी करायचं नाही. पोर्शनसाठी हिशोब असा, की मी महिन्यात दोनच चर्चा घेते, जास्त नाही, आणि त्या धड्याची प्रश्नोत्तरं लिहून द्यावी लागत नाहीत, पोरं स्वतः लिहितात.

मार्क मात्र बोलण्याला देऊ नका. दिले की सगळे मार्कांसाठी बोलतात. पण आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून करायच्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी आपल्याला लिहायच्याच असतात ना, तिथे हे रेघांचे नकाशे आणि काठावरच्यांच्या खुणा सोन्यासारख्या आहेत. आधी मी पण सगळ्यांना ‘वर्गात सहभाग घेतो’, ‘वर्गात सहभाग घेते’ असं मारून पुढे जायचे. आता ‘दुसऱ्याच्या मुद्द्याला जोडून बोलतो, पुरावा विचारतो’ असं लिहिते आणि ते खरं असतं. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक जण तिकिटाच्या मागे तीन गोष्टी लिहितो, आधी माझं काय मत होतं, आता काय आहे, कोणामुळे. ‘कोणामुळे’ला मित्राचं नाव येतं तेव्हा ते जपून ठेवा, पालकसभेला उपयोगी पडतं.

एकदम सगळं करू नका

पहिला आठवडा फक्त जोडीत बोलणं, रोजच्या तासात दोन-तीन मिनिटं. मग चौघांचे गट. मग विहीर, पण सूत्रधार आपणच. मग सूत्रधार त्यांच्यातला. साधारण अर्धं सत्र जातं याला. त्यानंतरची पायरी म्हणजे प्रश्नसुद्धा पोरांनीच काढायचा, वर्गात खोक्याची पेटी ठेवायची आणि त्यातून त्यांनी निवडायचा. सुरुवातीला ‘भारताचा कॅप्टन कोण असावा’ येतं, येऊ द्या, एकदा ती पण चर्चा घ्या, सूत्रधाराची चांगली प्रॅक्टिस होते.

गेल्या वर्षी पेटीतून एक चिठ्ठी आली होती, ‘ज्या गावाला समुद्र नाही त्यांनी काय करायचं?’ मिठाच्या चर्चेनंतर आठ दिवसांनी. पोरांनी आधी स्वतः पर्याय काढले, कोणी बाजार बंद म्हणालं, कोणी शाळा सोडायची म्हणालं, त्याला साहजिकच सगळ्यात जास्त पाठिंबा मिळाला, आणि एक जण म्हणाला जंगलातून लाकूड आणायचं, तो पण सरकारी कायदाच होता ना. मग मी पुस्तक उघडायला सांगितलं. बिळाशी, संगमनेर, कळवण, चिरनेर, पुसद, सगळी जंगल सत्याग्रहाची गावं, पुसदला तर विदर्भातले पुढारी बापूजी अणे यांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. एरवी ती पाच नावं पोरं रिकाम्या जागा भरा म्हणून पाठ करतात.

घंटा झाली की चर्चा आहे तिथे सोडायची. ‘तर मुलांनो, आज आपण काय शिकलो’ म्हणायची फार खाज येते, बाटली उघडा. अर्धवट राहिलेलं ती पोरं पाण्याच्या टाकीपाशी भांडत बसतात. फक्त त्याआधी सतरंज्यांची घडी घालून घ्या, दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्याच लागतात आणि शिपाईमामांना दोनदा घडी घालायला लागली की तिसऱ्या चर्चेला हॉलची किल्ली सापडत नाही.